बोहनीआधीचा पेरू

आडनाव सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे फळवाले का?" मी हो म्हणतो. आमच्या सोलापुरातच नव्हे, पुण्या-साताऱ्यापासून नगर-नाशिकपर्यंत बागवान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हातगाडी, तराजू आणि रचून ठेवलेली फळं येतात. त्यात चूक काही नाही. त्यापुढचं वाक्यही ठरलेलं असतं, "मग काय, तुमच्या घरात रोज फळंच फळं!" या वाक्यावर मी आयुष्यभर नुसता हसत आलो. गेल्या ऑगस्टमध्ये एका डॉक्टरांनी तेच म्हटलं तेव्हा मात्र हसू आलं नाही.

माझी लेक दहावीत. काही महिन्यांपासून जिना चढताना तिला दम लागायचा. अभ्यासाला बसली की डुलक्या. आम्ही निदान करून मोकळे झालो होतो : मोबाइल. रात्री जागते, म्हणून दिवसा पेंगते. मग एके दिवशी शाळेत प्रार्थनेच्या रांगेत ती डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.९. या वयाच्या मुलीचं निदान १२ असायला हवं.

डॉक्टरांनी विचारलं, "फळं, भाज्या खाते का?" मी तोंड उघडायच्या आधी लेकच म्हणाली, "नाही." डॉक्टरांनी कागदावरचं नाव पुन्हा वाचलं आणि हसले. "बागवान! आणि फळं नाहीत?" मग माझ्याकडे वळून, "तुम्ही काय करता?"

"शिक्षक आहे. विज्ञान शिकवतो."

त्यावर ते काही बोलले नाहीत. बरं केलं.

घरी येताना स्कूटरवर मागे बसलेली लेक म्हणाली, "अब्बू, बडे अब्बांना सांगू नका हं. त्यांना वाईट वाटेल." बडे अब्बा म्हणजे माझा मोठा भाऊ. अब्बांची गाडी आता तो चालवतो. भावाच्या गाडीवर सफरचंद, मोसंबी, पेरू, डाळिंब, आणि पुतणीच्या रक्तात ८.९. मीही ठरवलं, सांगायचं नाही. ते ठरवणं दोन दिवसही टिकलं नाही, पण ते पुढे.

अब्बांची गाडी सात रस्त्याला उभी राहायची. पहाटे चारला ते मार्केट यार्डात जायचे. लिलावात घेतलेला माल आमच्या अंगणात उतरायचा आणि मग छाटणी. आम्ही भावंडं डोळे चोळत त्या छाटणीला बसायचो. तीन ढीग पडायचे. पहिल्यात मोठं, डाग नसलेलं फळ. ते गाडीवर पुढच्या रांगेत रचायचं, फडक्याने पुसून. दुसऱ्यात लहान किंवा वाकडं, ते मागच्या रांगेत, जरा कमी भावाने. तिसरा ढीग डागी मालाचा. त्या डागी मालातही दोन जाती. एक संध्याकाळी गल्लीबोळात ढिगाच्या भावाने जाणारी, दुसरी कुठेच न जाणारी. ही शेवटची जात आमची.

अम्मी चाकूने नासका भाग काढून टाकायची आणि उरलेल्या फोडी थाळीत ठेवायची. त्यामुळे अर्धा पेरू, पाव सफरचंद, एका बाजूने खरवडलेलं चिकू अशी फळांची ओळख मला झाली. चांगल्या फळाला हात लागला तर अब्बा बसल्या जागेवरून म्हणायचे, "हात नको लगाव, ग्राहक का है वो." आवाज चढवायचे नाहीत. मारकुटे तर मुळीच नव्हते. त्यांचा हिशेब सरळ होता : पेटीतल्या वरच्या थरांत मुद्दल निघतं, तळाच्या थरावर घर चालतं. त्या तळाच्या थरातली चार फळं पोरांनी खाल्ली तर त्या दिवशी पहाटे चारला उठून केलेली मेहनत फुकट. आज मी पगारी माणूस आहे म्हणून हे मला कठोर वाटू शकतं. तेव्हा वाटत नव्हतं.

अख्खं सफरचंद मी पहिल्यांदा खाल्लं ते नववीत, टायफॉइड झाला तेव्हा. अम्मीने पुढच्या रांगेतलं, पुसलेलं सफरचंद आणून उशाशी ठेवलं. तोंडाला चव नव्हती, त्यामुळे ते कापसासारखं लागलं. भाऊ दाराशी उभा राहून बघत होता. म्हणाला, "मेरेकू भी बुखार आना था." सगळे हसले. मीही.

म्हणजे चांगलं फळ घरात यायचं ते कोणी आजारी पडलं तर, पाहुणे आले तर, फातेहाच्या ताटात, किंवा रमजानमध्ये. एरवी फळ हा माल होता. रोज डोळ्यांसमोर असूनही ते खायची गोष्ट आहे, असं आमच्या मनाने घेतलंच नाही.

भाज्यांची तऱ्हा वेगळी. शेजारच्या खाला पालेभाज्या विकायच्या. संध्याकाळी त्यांच्या टोपलीतल्या न खपलेल्या, मान टाकलेल्या जुड्या आमच्याकडे यायच्या आणि आमची डागी फळं त्यांच्याकडे जायची. त्यामुळे आमच्या घरात अंबाडा, चुका, शेपू, राजगिरा यांची कधी वानवा नव्हती. अम्मी अंबाडा तुरीच्या डाळीत घोटून वरून लसणाची चरचरीत फोडणी द्यायची. ज्वारीची भाकरी आणि ती भाजी. आज त्या आठवणीने तोंडाला पाणी सुटतं, पण तेरा-चौदाव्या वर्षी मी ती थाळी पुढे ढकलायचो. रोज काय गवत खायचं, असं म्हणायचो. मग अम्मी कुरकुर करत का होईना, मला अंड्याची पोळी करून द्यायची. शेंगाचटणी तर होतीच. सोलापूरचा पोरगा शेंगाचटणी आणि भाकरीवर वर्ष काढू शकतो.

माझ्याहून मोठ्या बहिणीला कोणती भाजी आवडायची नाही, हे मला आजही ठाऊक नाही. तिने थाळी पुढे ढकललेली मला आठवत नाही. ती आणि अम्मी शेवटी जेवायच्या. दालचा केला की त्यातल्या बोट्या अब्बांना आणि आम्हा पोरांना, दुधीच्या फोडी आणि रस्सा त्या दोघींना. 'मटण खाणाऱ्या घरात रक्ताला काय तोटा' असं म्हणणाऱ्यांनी बोटी कोणाच्या थाळीत पडते ते एकदा बघावं.

तर असा मी, शिक्षक झालो आणि संतुलित आहार शिकवू लागलो.

लेकीचा रिपोर्ट आला त्या आठवड्यात नववीच्या वर्गात मी मुलांना एक पान काढायला सांगितलं. काल सकाळपासून रात्रीपर्यंत कोणकोणती भाजी आणि कोणतं फळ खाल्लं, तेवढंच लिहा. नाव लिहू नका, खरं लिहा. गुण नाहीत म्हटल्यावर वर्ग जरा मोकळा झाला. पानं गोळा करून स्टाफरूममध्ये वाचत बसलो. सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द होता बटाटा. वड्यातला, सामोशातला, वेफर्सचा, रस्स्यातला. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते, त्यात बटाटा धरतच नाही. एकाने टोमॅटो सॉस लिहिला होता आणि पुढे कंसात प्रश्नचिन्ह टाकलं होतं. तेवढी त्याची सचोटी. फळांच्या रकान्यात मँगो ज्यूसच्या बाटल्या होत्या, केळी होती, आणि बरीच पानं कोरी.

एका पानावर गोल, सावकाश अक्षरात लिहिलं होतं : 'मेथीची भाजी केली होती. मला उरली नाही.'

अक्षर मुलीचं वाटलं. कोणाचं ते मी शोधलं नाही. पण त्या पानापाशी मी बराच वेळ थांबलो. मुलं भाजी खात नाहीत, नाकं मुरडतात, जंक फूडच्या मागे लागलीत, हे आम्ही शिक्षक आणि पालक येता-जाता म्हणतो. वर्गातला अर्धा दोष तिथे असेलही. पण काही मुलं भाजीला नाही म्हणतात आणि काहींना भाजी नाही म्हणते. दुसऱ्या प्रकारात मुली जास्त असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ च्या पाहणीत, देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुली रक्तक्षयी निघाल्या. त्याच वयाच्या मुलग्यांत हे प्रमाण ३१ टक्के. पाळी हे त्याचं मोठं कारण आहेच. पण कढईच्या तळाशी काय उरतं आणि ते कोणाच्या वाट्याला येतं, हेही कारण आहे.

शासन काही करत नाही असं नाही. शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलामागे रोज ७५ ग्रॅम भाजी धरलेली आहे. प्रत्यक्षात खिचडीत ती किती दिसते हा वेगळा विषय. पण हा आहार आठवीला संपतो. म्हणजे ज्या वर्षी पोरगं ताडमाड वाढायला लागतं, पोरीची पाळी नियमित होऊ लागते, त्या वर्षी ताट उचललं जातं. नववीपासून उरते ती आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी, लोह आणि फॉलिक ॲसिडची. ती मी स्वतः वाटत आलो आहे. एकदा पाऊस पडून गेल्यावर वर्गाच्या खिडकीखालच्या कुंड्यांत निळसर डाग दिसले होते. माती उकरली तर गोळ्या. मळमळतं म्हणून मुली फेकून देत होत्या. काही खाऊन मग घ्या, असं आपण सांगतो, पण सकाळी सातच्या शाळेला कोण काय खाऊन येतं? नुसता चहा. आणि जेवणाबरोबरचा चहा तर लोह शोषूच देत नाही.

लेकीला विचारलं, "तूपण फेकायचीस?"

"कुंडीत नाही," ती म्हणाली.

आता घरातलं सांगतो. माझं घर अब्बांच्या घरासारखं नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार होतो. फ्रिज आहे. त्यात खालच्या कप्प्यात भाजी असते, भावाकडून आलेली फळं असतात. कोणी कोणाला हात नको लगाव म्हणत नाही. मग हिने खाल्लं का नाही? मी तिच्यावर चिडलो. माझ्या वेळी अर्धा पेरू मिळायचा, असलं भाषण सुरू केलं. पंधरा वर्षांच्या मुलीपुढे आपलं लहानपण काढलं की ती डोळे मिटून घेते, तसं तिने घेतलं.

नंतर शांतपणे विचारलं तेव्हा तिने सांगितलं, आणि तिच्या बोलण्यात तथ्य होतं. पहिलं म्हणजे, फ्रिजमधल्या पिशवीला गाठ असते. सफरचंद काढा, धुवा, चाकू शोधा, कापा. क्लासवरून आलेल्या भुकेल्या पोरीच्या हाताला आधी बिस्किटाचा पुडा लागतो. दुसरं, डब्यात फळ नेलं की काळं पडतं, आणि शेपूचा डबा उघडला की शेजारणी नाक दाबतात. तिसरं कारण ऐकून मी कपाळावर हात मारला. "अब्बू, फळांना इंजेक्शन मारतात. कलिंगडाला लाल रंगाचं. मी व्हिडिओ बघितलाय."

बागवानाची नात! मी तिला सांगितलं, केळी-आंबे पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरायला कायद्याने बंदी आहे, तरी काही लोक ते वापरतात हे खरं. इथिलीन वायूवर ठरावीक प्रमाणात पिकवायला परवानगी आहे आणि तो वायू पिकताना फळ स्वतःही सोडतं. तुझी दादी आंबे गवतात आढी घालून ठेवायची, तेव्हा तोच वायू कोंडला जायचा. पण कलिंगडाला सुई मारणारा माणूस कधी धंद्यात टिकेल का? सुईच्या भोकातून फळ सडायला लागतं. ती म्हणाली, "मग व्हिडिओ का करतात?" याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते फळांविषयीचं नाही.

आणि खिशातल्या नाण्याचाही हिशेब आहे. आमच्या शाळेच्या दारात एक म्हातारी बसायची. बोरं, चिंचा, आवळे, मिठात मुरवलेल्या कैरीच्या फोडी, उन्हाळ्यात काकडीचे चार काप वर तिखटमीठ. सगळं पोराच्या नाण्याच्या मापाने. चार आण्याला मूठभर. कोणी ते पौष्टिक म्हणून खात नव्हतं. मास्तर तर म्हणायचे, खोकला होईल. पण एवढासा आवळा नाहीतर कच्च्या पेरूची फोड, यांतलं क जीवनसत्त्व किती आहे ते पाहा. पेरूत ते संत्र्याच्या तीन-चार पट असतं आणि भाजी-भाकरीतलं लोह अंगी लागायला हेच क जीवनसत्त्व लागतं. आता त्या जागी टपरी आहे. पाच रुपयांत कुरकुरीत पाकीट मिळतं, फोडलं की झालं. पाच रुपयांत सफरचंदाचा देठही येत नाही. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकू नयेत असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. टपरी फाटकासमोर आहे. मीटर मोजायला टेप लागत नाही.

स्टाफरूममध्ये मी रिपोर्टची गोष्ट बोललो. एक सहकारी, मनाने चांगला माणूस, सहज म्हणाला, "सर, तुमच्यात भाज्या कमीच खातात ना पण." मी म्हटलं, तुमच्या घरी आज सकाळी जी भाजी झाली ती कोणाच्या गाडीवरून आली? तो ओशाळला, आणि मला माझंच वाईट वाटलं, कारण माझ्या बोलण्यात टोमणा होता आणि त्याच्यात नव्हता. मग मी त्याला अंबाडा-गोश्त, चुका घातलेली खट्टी डाळ, दुधीचा दालचा यांची यादी सांगितली. पुढच्या शुक्रवारी त्याच्यासाठी डब्यात दालचा नेला. दुधी त्याने आयुष्यात पहिल्यांदा आवडीने खाल्ला म्हणे. आमच्या रांधण्यात पाला आणि आंबट यांचं वाकडं नाही. पण हे सगळं अम्मीच्या हातचं. आमच्या पुढच्या पिढीकडून ते लग्नाच्या बिर्याणीने आणि नाक्यावरच्या चायनीजच्या गाडीने कधी पळवलं ते कळलंच नाही. आणि त्या सहकाऱ्याच्या घरी पिठलं-भाकरीची जागा कशाने घेतली ते तो सांगेल.

या निमित्ताने २०२० चा एप्रिल आठवला. टाळेबंदीत भाजी-फळं विकायला परवानगी होती. भाऊ पास घेऊन निघायचा. त्याच सुमारास मोबाइलवर ते व्हिडिओ फिरू लागले, फळांना थुंकी लावतात म्हणून. जिथे अब्बांना तीस वर्षं लोक हाक मारून थांबवायचे, अशा एका गल्लीत भावाला नाव विचारलं गेलं. नाव सांगितल्यावर, पुढे जा, म्हणाले. कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही. पुढे जा, एवढंच. गाडी भरलेली परत आली. दुसऱ्या दिवशीही.

फळ थांबत नाही. सोलापूरचं एप्रिलचं ऊन तुम्हाला माहीत असेल. त्यामुळे पुढचे काही आठवडे आम्ही फळं खाल्ली. पुढच्या रांगेतली, पुसलेली, ग्राहकाची. भावाची पोरं, माझी लेक, शेजारची पोरं अंगणात गोल करून बसायची आणि अब्बा स्वतःच्या हाताने कलिंगड कापायचे, "खाव बेटा, खाव" म्हणायचे. लेक तेव्हा दहा वर्षांची. तिला तो काळ फार मजेचा वाटला होता. आजही म्हणते, लॉकडाऊनमध्ये आपण किती फळं खायचो ना! अब्बा त्या वेळी एकही फोड तोंडात घालत नव्हते, हे तिच्या लक्षात नाही. आमच्या खानदानात पोरांनी सगळ्यात जास्त फळं खाल्ली ती त्या महिन्यात. दोन वर्षांनी अब्बा गेले.

भावाला रिपोर्टचं मीच सांगितलं. रात्री त्याच्या ओट्यावर बसलो होतो, राहवलं नाही. त्याने ऐकून घेतलं, विचारलं, "कितना है?" मी आकडा सांगितला. त्याला तो आकडा कळला की नाही ठाऊक नाही. बराच वेळ तो पायाचा अंगठा चोळत बसला. मग म्हणाला, "मेरी दोनों का भी देखना पड़ेगा." दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या वेळेला दारात गाडीची घंटी वाजली. तो मार्केट यार्डातून थेट आला होता, छाटणी व्हायची होती. कॅरेटच्या वरच्या थरातून त्याने एक पेरू उचलला, शर्टाला पुसला आणि लेकीच्या हातात दिला.

ज्यांना धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोहनी व्हायच्या आधी माल फुकट द्यायचा नाही, उधार द्यायचा नाही, घरच्यांनी तोंड लावायचं नाही. अब्बांनी हा नियम जन्मभर पाळला. भाऊ त्यांच्याहून कर्मठ आहे. पहिल्या ग्राहकाचे पैसे गल्ल्याला लावून कपाळाला लावल्याशिवाय तो चहासुद्धा पीत नाही. लेकीला यातलं बरंच माहीत आहे. ती पेरू हातात घेऊन उभीच राहिली. "बडे अब्बा, बोहनी?"

"हो गई," तो म्हणाला आणि गाडी ढकलत निघून गेला.

तेव्हापासून हे रोज. पेरूचे दिवस संपले तेव्हा मोसंबी, मग बोरं, मग द्राक्षं. मी पैसे देऊ केले तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा विषय काढला नाही. त्याच्या दोन्ही मुलींचंही रक्त तपासलं. धाकटीचं ठीक निघालं, मोठीचं कमी. तिलाही गोळ्या सुरू आहेत.

कोणी गैरसमज करून घेऊ नये म्हणून लिहितो : एका पेरूने रक्त भरत नाही. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि त्या रोज घ्याव्या लागल्या. डाळिंबाने रक्त वाढतं असं आमच्याकडे जो तो सांगतो. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला अभिमान आहे, पण त्यात लोह फार नसतं. रंग लाल आहे, एवढंच. पालेभाजीत लोह असतं, पण ते सहजासहजी अंगी लागत नाही. सोबत लिंबू पिळलेलं असावं, आंबट फळ असावं, आणि चहा तास-दोन तास लांब ठेवावा. आमचा अंबाडा आंबटच असतो. अम्मीला यातलं काही माहीत नव्हतं.

मग रमजान आला. लेकीने यंदा सगळे रोजे ठेवायचा हट्ट धरला. डॉक्टरांना विचारलं. त्यांनी गोळी सहेरीऐवजी इफ्तारनंतर घ्यायला सांगितली आणि चक्कर आली तर हट्ट करायचा नाही अशी अट घातली. त्या महिन्यात मला एक गोष्ट नव्याने दिसली. विजापूर वेशीच्या बाजारात भजी, सामोसे, फिरनी, कबाब, काय नाही मिळत. तरी मगरीबची अजान होते तेव्हा हात आधी खजुराला जातो आणि मग फळांच्या थाळीला. पपई, कलिंगड, खरबूज, द्राक्षं, वर थोडं मीठ. वर्षभर फळाला न शिवणारी पोरं त्या थाळीवर तुटून पडतात. घरोघरी हेच. त्याचं पुण्य मी पोरांच्या खात्यावर मांडत नाही. भूक लागलेली असते, फळ धुऊन, कापून समोर ठेवलेलं असतं, सगळे एकाच थाळीतून खात असतात, आणि 'खा, चांगलं असतं' असं त्या वेळी कोणी म्हणत नाही. सगळे अजानची वाट बघत गप्प असतात.

ईदनंतर मी एवढंच केलं, ती थाळी उचलू दिली नाही. लेक क्लासवरून येते त्या वेळेला मी शाळेतून येऊन पोहोचलेलो असतो. बायको तेव्हा शिवणाच्या ऑर्डरीत गुंतलेली असते, त्यामुळे कापायचं काम माझ्याकडे आलं. पन्नाशीला टेकलेला बागवान आता पपई सोलायला शिकतो आहे. आमच्या घरातल्या पुरुषांनी फळं निवडली, रचली, तोलली, विकली. कापली ती बायकांनी. लॉकडाऊनमधले अब्बा तेवढे सोडले तर. माझ्या फोडी कमी-जास्त होतात. लेक म्हणते, "अब्बू, ही फोड आहे की वीट?" पण थाळी रिकामी होते. पुस्तक वाचता वाचता हात जातो. मी बघत नाही असं दाखवतो.

भाजीच्या बाबतीत एक नियम बायकोने केला : वाढताना भाजी आधी मुलीच्या ताटात. मला वाटलं होतं यात काय मोठं. पहिल्या दिवशी माझा हात सवयीने पुढे आला आणि कढई माझ्यासमोरून निघून गेली. पहिल्यांदा मला माझ्या बहिणीची थाळी आठवली. तिला त्या रात्री फोन केला, विचारलं, तुला लहानपणी कोणती भाजी आवडायची नाही गं? ती हसली. म्हणाली, "इतने साल बाद क्यों पूछ रा?" मग जरा थांबून म्हणाली, "शेपू."

ईद झाल्यावर पुन्हा रक्त तपासलं. ११.२. अजून बारा नाही. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू ठेवा. नववीच्या त्या मुलीचं काय झालं मला माहीत नाही, कारण ती कोण हे मी विचारलं नाही. पण आता गोळ्यांच्या दिवशी मी मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाल्यावरच गोळी वाटतो आणि लिंबाच्या फोडी सोबत नेतो. मुलं हसतात. लिंबं भावाकडची, डागी ढिगातली. त्याला म्हटलं होतं, चांगली दे. तो म्हणाला, "नींबू को दाग से क्या फरक पड़ता?"

आज सकाळी त्याने चिकू दिलं. लेकीने ते दाबून पाहिलं, म्हणाली, कच्चं आहे, दुसरं द्या. तो म्हणाला, "पहचानने लगी." दुसरं मात्र दिलं नाही. तांदळाच्या डब्यात ठेव, परवा पिकेल, असं सांगून गेला. शेपू ती अजूनही खात नाही.